अंगठीचा दोरा

आज कणीक मळताना अंगठी बोटातून निसटून पिठात गेली. एरवी साबण लावूनही न निघणारी माझी लग्नातली अंगठी. गोळा चाचपून ती शोधेपर्यंत मी एवढी दमले, की कणीक तशीच ठेवून खुर्चीत बसून राहिले.

गेले काही महिने अन्नावरची वासनाच उडाली आहे. फोडणीचा वास आला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. शेजारच्या वहिनी कौतुकाने विचारतात, "छान बारीक झालात, काय करता हो?" काहीच करत नाही, हे त्यांना कसं सांगू? नणंदेने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. म्हणाले, "यात काही सापडलं नाही. पण वजन उगाच उतरत नसतं. आता दुर्बिणीने आतून बघू." नाव असलेल्या दुखण्याशी भांडता तरी येतं. हे बिननावाचं घरात येऊन बसलंय, आणि ऊठ म्हणायचं तर हाक काय मारायची?

संध्याकाळी अंगठीला दोरा गुंडाळत बसले. आई असंच करायची. सैल अंगठी बोटात टिकते. ह्यांनी पाहिलं.

"सोनाराकडून लहान करून आणू का?"

"नको. दोराच बरा. बोट भरलं की काढून टाकता येईल."

हे उठून कात्री घेऊन आले. मी शेवटचा वेढा घेतला तेव्हा ती पुढे करत म्हणाले, "गाठ मात्र सुटेल अशी मार."