देवस्थळी सरांचं मुंडासं

आनंद देवस्थळी सरांनी भोरच्या शाळेत मला चित्रकला शिकवली आणि आता मीही तिथेच चित्रकला शिकवते, त्यामुळे त्यांच्याबद्दल वेडंवाकडं बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे. सर व्यक्तिचित्रं काढतात, आणि फार चांगली काढतात. वडील कोर्टात कारकून. त्यांनी मुलाला पुण्याला कला शिकायला पाठवलं खरं, पण पोरगा दुकानांच्या पाट्या रंगवत फिरणार या धास्तीने वर्षभर कुणाशी धड बोलले नाहीत.

पुण्यात सुरुवातीला रंगाला हात लावू देत नसत. प्लास्टरचं मुंडकं समोर ठेवायचं, डोळे बारीक करून उजेड-सावली बघायची, कोळशाने काढायचं आणि चुकलं की पावाच्या मऊ गराने पुसायचं. भूक लागली की सर तोच पाव खायचे. मग हाडामांसाची माणसं समोर बसायला लागली. मास्तर रस्त्यावरून एखादा म्हातारा धरून आणत. चेहऱ्यात कॅरेक्टर पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि ते कमी पडलं तर कोपऱ्यात एक ट्रंक होती. तिच्यात मुंडासं, घोंगडी आणि काठी असायची.

भोरला नोकरी लागल्यावर सरांनीही एक लाल मुंडासं आणि घोंगडी घेतली. वर्गात त्यांचा एकच धोशा असायचा, "दिसतं तेच काढा. मनातलं घरी ठेवून या." आणि हे सांगताना समोर आमच्या शिपायाला, हनुमंतमामांना, मुंडासं घालून बसवलेलं असायचं. आम्ही माना डोलवत काढायचो.

गेल्या वर्षी वेल्ह्याच्या एका शाळेने सरांचं प्रात्यक्षिक ठेवलं. म्हणजे सगळ्यांसमोर एक माणूस बसवायचा आणि बघता बघता त्याचं चित्र उभं करायचं. रंगांची पेटी उचलायला मी सोबत होते. बसायला मार्गासनीचे रखमाजी आले. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, उभी हयात स्टिअरिंगवर गेलेली. आपलं चित्र निघणार म्हणून ते न्हाव्याकडे जाऊन गुळगुळीत दाढी करून आले होते. कडक इस्त्रीचा निळा शर्ट आणि मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. नर्स असलेल्या लेकीने, अश्विनीने, पहिल्या पगारातून घेतलेलं. ते सारखी बाही वर सारत होते, म्हणजे घड्याळ दिसावं.

सरांचा चेहरा पडला. "अरेरे, दाढी केलीत?" असं म्हणून त्यांनी पिशवी उघडली. मुंडासं चढलं, शर्टावरून घोंगडी आली, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं गेलं. रखमाजी एका शब्दानेही नको म्हणाले नाहीत. दाढीचे पांढरे खुंट सरांनी चित्रात ब्रशने स्वतःच रंगवले.

चित्र झकास झालं. टाळ्या पडल्या. रखमाजी उठून समोर आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लई बेस. पन ह्यो कोन?"

सगळे खो खो हसले. सरही हसले. अश्विनी मागच्या रांगेत होती, ती हसली नाही. तिने माझ्याकडून घड्याळ मागून घेतलं.

पुढे ते चित्र पेपरात छापून आलं. खाली लिहिलं होतं, 'डोंगरातला म्हातारा'. सरांनी कात्रण फ्रेम करायला टाकलं. तेवढ्यात अश्विनीचा मला फोन आला. "बाबा स्टँडवर जायाचे बंद झालेत. पोरं इचारत्यात, म्हातारबा, मेंढरं कुठं सोडली? त्यांनी कंदी मेंढरू राखलं न्हाई, ताई. शर्ट कपाटात ठिवलाय, घालतच न्हाईत."

मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. ते कात्रण आणायला गेलेच नाहीत, आणि मुंडासं कुठेतरी दिसेनासं झालं. आठवडाभराने माझ्या घरी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सुलक्षणा, मी आयुष्यभर पोरांना काय सांगितलं आणि काय केलं गं? माझी मलाच लाज वाटते. त्यांचं चित्र पुन्हा काढतो. शर्टातलं, घड्याळासकट. तेवढं तरी जमू दे." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मी मार्गासनीला फोन लावला. अश्विनी ड्युटीवर होती, रखमाजींनीच उचलला. "सर रविवारी पुन्हा तुमचं चित्र काढायला येतायत," एवढंच मी बोलले. ते म्हणाले, "येऊं द्या की."

रविवारी नसरापूर ओलांडून आम्ही मार्गासनीला पोचलो. सरांनी नवा कॅनव्हास आणला होता. वाटेत ते निळा रंग कुठला कुठला मिसळायचा हेच बोलत होते.

रखमाजी पडवीत आमची वाट बघत बसले होते. डोक्याला मुंडासं, कुणाचं तरी मागून आणलेलं, कारण ते कपाळावर सारखं घसरत होतं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गालावर खुंट वाढलेले. मनगट मोकळं.

"या सर," ते उठत म्हणाले. "औंदा दाडी न्हाई केली म्या. तुमाला मागल्या टायमाला तरास झाला."

सर पायरीवरच थांबले. त्यांना चपला काढायचंही सुचेना. मला वाटलं, जमीन दुभंगून आम्हा दोघांना पोटात घेईल तर बरं. शेवटी सरांनी हात जोडले. "रखमाजी, तुमचा तो शर्ट घाला. आणि घड्याळ. तसंच काढायचंय मला."

रखमाजींनी घोंगडी आणखी घट्ट लपेटून घेतली. ते रागावले नव्हते. सरांची समजूत घालावी तसं म्हणाले, "नगं, सर. चित्र बिगडंल तुमचं."