आईनं भरलेलं पाणी

इतरांच्या आया मागे दागिने ठेवून जातात, निदान भांडणं तरी. आमच्या आईनं लातूरच्या घरात पाणी ठेवलं. निळी प्लास्टिकची टिपाडं, तेलाचे डबे, घागरी, शिवाय बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचं पोट, सगळं काठोकाठ. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा आणि त्या दिवशी ती सख्ख्या नात्यातल्या लग्नालाही जायची नाही. मी नोकरीमुळे नांदेडला, गोदावरीच्या काठी राहते. पाण्याच्या बाबतीत त्यामुळे जरा उर्मटच झाले आहे.

तेरावं झालं आणि पुण्याच्या दादानं ठरवलं, की घर रिकामं करायचं, रंग द्यायचा आणि विकायचं. ठरवण्याचं काम त्याचं, उरलेलं माझं. ग्रंथालयात नोकरी करणाऱ्यांना रजा भरपूर असते, असा त्याचा समज आहे.

एजंट घर बघून म्हणाला, “ताई, ही टिपाडं आधी हलवा. गिऱ्हाइकाला लगेच कळतं, हितं पाण्याची बोंब हाय म्हणून.”

गिऱ्हाईक बहुधा लंडनहून येणार होतं.

“ओतून दे ना सगळं,” दादा फोनवर म्हणाला. लातूरचा माणूस पुण्यात किती लवकर सुधारतो!

मला ओतवेना. आई असताना आलेला तो शेवटचा नळ. हे पाणी तिनं भरलं होतं, टिपाडांच्या तोंडाला जुन्या लुगड्याची फडकी बांधली होती. अस्थी सोडताना माझा हात असा अडला नव्हता.

शेवटी शेजारच्या काकूंना बोलावलं. घागरी भरून नेता नेता त्या म्हणाल्या, “जित्तेपणी तुझ्या मायनं तांब्याभर दिलं न्हाई. मेल्यावर लई दानशूर झाली बघ.”

आई गेल्यापासून तिच्याविषयी ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य.

काकूंनी टिपाडंही नेली. न्हाणीतलं एक तेवढं मी दिलं नाही. दादाला मात्र कळवलं, घर रिकामं झालं.

मग भिंतींना एजंटच्या आवडीचा, दवाखान्यात असतो तसा पिस्ता रंग लागला आणि गिऱ्हाईक आलं. लातूर जिल्ह्यातल्याच शिरूर अनंतपाळकडचे नवरा-बायको. नवरा फरशी ठोकून बघत राहिला. बाई सरळ न्हाणीत गेली.

“एकच टिपाड? मग पाणी कुठं साठवता?”

एजंट गच्चीवरच्या टाकीचे गुण सांगू लागला.

“टाकी काय आठ दिस पुरती व्हय?” म्हणत तिनं फडकं सोडलं, वाकून आत पाहिलं. “निर्मळ हाय की. कुणी भरलं?”

“आईनं,” मी म्हणाले. “तिच्या हातचं शेवटचं.”

“ते आजच ओतणार आहोत, बाई,” एजंट घाईनं बोलला.

“ओतता?” त्यानं उकळतं दूध सांडलं असावं, अशी ती त्याच्याकडे बघत राहिली. मग फडकं पुन्हा बांधलं, आईपेक्षा घट्ट. “ऱ्हाऊ द्या, ताई. सौदा जमला तर ह्याच पाण्यानं घर धुवून घेईन.”

मी हो म्हटलं. भाव ठरवायला एजंट होताच.