मोहोळच्या टाकीतलं नायट्रेट, आणि आणखी काही टाक्या

सोलापूरपासून समुद्र लांब. तरी आमच्या दुकानातून खाऱ्या पाण्याच्या टाक्या जातात. गिऱ्हाईक मासे घेऊन जातं आणि किस्से इथंच ठेवून जातं! बहुतेक सगळे एकाच दुखण्याचे : नव्या टाकीत वाढलेलं नायट्रेट. माशांची घाण, उरलेलं खाणं कुजलं की ते पाण्यात साठतं. टेस्टचे थेंब टाकून पाणी पिवळं झालं तर ठीक. लालभडक आलं की गिऱ्हाईक पांढरं! मी मात्र घाबरत नाही. उतरलं नाही असं नायट्रेट मी अजून पाहिलेलं नाही.

*

श्रीनिवासअण्णांचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. त्यांचा फोन आला, "अहो, एकपण मासा सोडला नाही, तरी टेस्ट लाल!"

मी गेलो आणि थेट त्यांच्या बोअरचं पाणी टेस्ट केलं. लाल!

"टाकी चांगली आहे, अण्णा. नायट्रेट बोअरच्याच पाण्यात आहे. आरओचं पाणी वापरा."

अण्णांनी लगेच आरओ मागवायला फोन काढला. वहिनी दारातच उभ्या होत्या. "माशांना आरओ, अन् आम्हाला बोअर?"

आरओ दोन बसले.

*

दुधनीचे मलिकअण्णा आडत दुकानवाले. "पाणी बदलतोय, तरी उतरंना की!"

"खायला किती घालता?"

"मी जेवलो की त्यास्नी घालतो. चहा घेतला की बी घालतो. माझ्याकडं बघत्यात हो, उपाशी दिसत्यात!"

"अण्णा, ते सगळ्यांकडंच तसं बघतात!"

*

शमीमबाजी मुख्याध्यापिका. मुलीच्या वाढदिवसाला मासे हवेत म्हणून हटून बसल्या. टाकी अजून तयार नव्हती, टेस्ट लाल. मी नाही म्हणालो.

"बाजी, नापास मुलाला तुम्ही वरच्या वर्गात ढकलता का?"

"ढकलायलाच लागतं भाई. वरून ऑर्डर येते!"

मासे मी तरीही दिले नाहीत. वाढदिवस केकवर झाला. मासे नंतर गेले, आणि सगळे जगले.

*

एकदा मी फोनवर कुणाला तरी समजावत होतो, "घाबरू नका. खाणं कमी करा, थोडं थोडं पाणी बदला. उतरेल."

शेजारचे शेंगाचटणीवाले काका ऐकत होते. फोन ठेवल्यावर जवळ आले. "शुगरचा पेशंट व्हय? कुठल्या डॉक्टरचं औषध हाय हे?"

*

मोहोळच्या सतीशनं शेतातल्या घरी टाकी लावली. नायट्रेट काही केल्या उतरेना. त्याची आई, पारूबाई, आधीच वैतागलेली. "शेळ्या सांभाळायचं सोडून ह्ये काय मांडलंय? बाहीर काढ!"

सतीश टाकी विकायला निघाला. मी त्याला समुद्री शेवाळाचा एक गुच्छ दिला. "टाकीत सोड, वर लाईट लाव. हे नायट्रेट खाऊन वाढतं. वाढलं की उपटून टाकायचं."

शेवाळ असं फोफावलं की टेस्ट पिवळीधमक! सतीश गुच्छच्या गुच्छ उपटून अंगणात टाकायचा.

मग एके दिवशी खुद्द पारूबाईंचा फोन. मी मनाची तयारी करूनच उचलला.

"त्यो हिरवा पाला शेळ्या लई आवडीनं खात्यात. पुरंना झालाय. आमाला अजून एक मोटी टाकी द्या की!"

"देतो की. मासे कुठले देऊ?"

"मासं न्हाय दिलं तरी चालतंय!"