एका खांद्याला सहा हात

मी कार्टूनची चित्रं काढते. हातानं, एकेक कागद. एका सेकंदाला बारा कागद लागतात म्हटलं की भिंगारमधल्या माझ्या शेजारणी कीव आल्यासारखं बघतात. बघू देत.

गेल्या वर्षी पुण्याहून एका छोट्या फिल्मचं काम आलं. त्यात एक बाई सपासप ऊस तोडते, जेमतेम दोन सेकंद. तेवढा तुकडा मी हट्टानं मागून घेतला. माझी आई पाथर्डीकडची, कितीतरी वर्षं ऊसतोडीला गेली. दसरा झाला की ट्रक भरायचा, आई-बाप जायचे आणि शाळेसाठी मी मावशीकडे. उन्हाळ्यात ती परत येईपर्यंत माझ्या वेण्या मावशी घालायची, त्याही वाकड्या. आईला ऊस तोडताना मी एकदाही पाहिलं नाही. ते सहा महिने मला बघायचे होते, बस्स.

बसले काढायला. कोयता वर, कोयता मध्ये, कोयता खाली, सगळं कसं रेखीव. चालवून बघितलं तर काय, बाई ऊस तोडत नव्हती, उसाला ओवाळत होती!

खांदा धरल्यापासून आई माझ्याकडेच असते. तिला म्हटलं, "करून दाखव ना."

"काय तोडू, तुझं डोस्कं?" म्हणत तिनं लाटणं उचललं. वाकली, डाव्या मुठीत नसलेला ऊस धरला आणि सपकन हात मारला. मग "आई गं" करत खांदा दाबून खाली बसली. मी मोबाईलवर घेतलं होतं. थांबवून थांबवून पाहिलं, तर मध्ये हात नव्हताच, नुसता फराटा.

इतकी वर्षं हे काम करून मी हेच विसरले होते, लाजच वाटली. वेग रेखीव काढायचाच नसतो. मधल्या एका कागदावर हात ताणायचा, नाहीतर एकाच खांद्याला चार-सहा हात काढायचे. तो कागद झर्रकन निघून जातो, हात कुणाला दिसत नाहीत, वेग दिसतो. मी सहा हात काढले. सहाही हातांत आईच्या हिरव्या बांगड्या. चालवलं, आणि बाई अशी सुटली की मला रडूच फुटलं. अशीच दिसत असणार माझी आई, मी मावशीच्या दारात ट्रकची वाट बघत बसायचे तेव्हा.

तिला बोलावून दाखवलं. पण तिला पडद्यावरचं नको, कागद हवे होते. नेमका तो मधलाच कागद हाताला लागला.

"अगं बाई! सा हात? मी काय देवी हाय व्हय?"

"लई जोरात तोडायचीस ना, म्हणून."

ती हसली. मग चष्मा पुसून एकेका हातावरून बोट फिरवत राहिली.

"खरंच इतके आस्ते," ती म्हणाली, "तर एक तुझ्या वेण्या घालायला ठिवून गेले आस्ते."