उजवा, डावा, उजवा, उजवा

गिरीधर, तुझ्यावर लिहिते आहे म्हटल्यावर तू दुकानाच्या आतल्या खोलीत जाऊन लपशील. लप. मी लिहिणारच. शहाण्णव सालच्या गणपतीत काय झालं ते लोक भलतंच सांगत सुटलेत.

तर, चिकपेटेत अस्तरांचं दुकान असलेल्या या गिरीधरला चाळिशी उलटल्यावर ड्रमसेटचं वेड लागलं. आमच्या राजाजीनगरच्या मंडळात, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं, एवढीच इच्छा. घरात ड्रम नाही. मग गिऱ्हाईक नसलं की पॉपलिनच्या ताग्यावर दोन काठ्या सुरू: उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. तेवढाच तुकडा, पुन्हा पुन्हा.

"अण्णा, स्वल्प इकडे बघा," गिऱ्हाईक म्हणे. "सरी, सरी," असं कानडीत हो-हो म्हणत तो अस्तर मोजी, पण खाली पाय चालूच. बायको विद्याश्री म्हणे, "झोडपून कापड लांब होत नाही हो."

मंडळाचा ड्रमवाला मुंबईला नोकरीला गेला, तेव्हा ऑर्केस्ट्रा बसवणाऱ्या रघुपतीने गिरीधरला तालमीला बोलावलं. तिथे घोटाळा उघडा पडला. ताग्यावर काठी पडली की पडूनच राहते, मनगटाने उचलावी लागते. ड्रमवर ती आपणहून उसळते. गिरीधर सवयीने जोर लावून उचलायला जाई, तर काठी आधीच वर. ठोके एकमेकांच्या अंगावर पडू लागले, लय पळाली. गाणाऱ्या मुग्धाला श्वास घ्यायला जागा उरली नाही.

"अण्णा, गाडी चुकतेय का कुठली?" रघुपती म्हणाला. सगळे हसले.

दुसरा कोणी रुसून बसला असता. गिरीधर म्हणाला, "दुपारी हॉल रिकामा असतो ना? किल्ली द्या."

मग रोज दुपारी दुकान विद्याश्रीवर टाकून तो रिक्षाने यायचा. तोच तुकडा, पण इतका सावकाश, की दोन ठोक्यांमध्ये चहा पिऊन व्हावा. शेजारच्या वाचनालयात बसून मी वैतागायचे. काठीला पडू द्यायचं, उसळू द्यायचं, आपण मध्ये लुडबुड करायची नाही. हे त्या वयात शिकायला किती हट्ट गिळावा लागतो! माझ्याने झालं नसतं.

"एकच गाणं देतो," रघुपती शेवटी म्हणाला. "तेही साधं. कलाकुसर नको."

"दुसरं येतं कुठे?" गिरीधर म्हणाला.

गणपतीतल्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी गाणं सुरू झालं आणि संपलं. शेवटच्या कडव्यातही मुग्धाला श्वासाची घाई नव्हती. टाळ्या तिलाच मिळाल्या. आता लोक सांगतात, गिरीधरने स्टेज हलवलं. काही हलवलं नाही. साधा तुकडा त्याने शेवटपर्यंत साधा ठेवला, रघुपतीने मान डोलावली, आणि पुढचं गाणंही त्यालाच दिलं.

खाली उतरल्यावर तू मला म्हणालास, "शारदाअक्का, बनशंकरीला एकजण जुना ड्रमसेट विकतोय. बरोबर चला, तुमच्यापुढे कोणी भाव वाढवत नाही." मी म्हटलं, दसरा होऊ दे. दसऱ्यानंतर तुझी लग्नसराई आली, मग माझा गुडघा. पुढच्या वर्षी तू मंडळाच्याच ड्रमवर सगळा कार्यक्रम वाजवलास. बनशंकरीला आपण काही गेलो नाही.