सुलूकाकीची साक्ष राहिली

सुलूकाकी आज सकाळी गेली. आमच्या गावातल्या बऱ्याच जणांना आज शांत झोप लागेल.

वाचून वाईट वाटलं? मला लिहिताना लाज वाटतेय. गाव माझंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वहाळावर नवा साकव, म्हणजे छोटा पूल, बांधला होता. दुसऱ्याच पावसात तो कोसळला आणि काकीचे यजमान, आमचे बाळकाका, त्याच्याबरोबर वाहून गेले.

कॉन्ट्रॅक्टर आमच्याच भावकीतला, मुंबईत नाव काढलेला. त्याने सांगून टाकलं, "बाळ्या प्यायलेला होता, तोल गेला."

बाळकाकांनी दारूला कधी हात लावला नाही. शिमग्यातसुद्धा नाही, विचारा कोणालाही.

काकीला फक्त एवढंच कुठेतरी सांगायचं होतं. नवऱ्याच्या नावावरचा तो डाग तिला पुसायचा होता.

मग विधानसभेची एक समिती साकवांच्या कामाची चौकशी करायला रत्नागिरीत येणार, असं ठरलं. काकीला साक्षीला बोलावणं आलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती पहिल्या एसटीने आली, माझ्याकडे मांडवीला चहा प्यायली आणि आम्ही रिक्षाने रेस्ट हाऊसवर गेलो.

गेटवरच कळलं. हायकोर्टाचा स्टे आलाय, बैठक कॅन्सल.

"स्टे म्हंजे काय गो बाय?"

"कोर्टाने थांबायला सांगितलंय, काकी."

"मग थांबूया की," म्हणाली आणि कट्ट्यावर बसली. दुपारी मी तिला जवळजवळ ओढूनच उठवलं.

स्टे कोणी आणला? आमच्या ग्रामस्थ मंडळाने.
वकील कॉन्ट्रॅक्टरचा, सही अध्यक्षांची.
अध्यक्ष म्हणजे माझे वडील, अण्णा.

आयडिया बघा. आधी रत्नागिरीच्या कोर्टात साकवावरून स्वतःच दावा लावायचा. मग हायकोर्टात जाऊन सांगायचं, प्रकरण कोर्टात आहे, तेव्हा आमदारांनी काही विचारू नये!

मी अण्णांशी भांडले.

"आपल्या मान्साची चौकशी भायेरच्यांनी करायची?" अण्णा म्हणाले. "गावची अब्रू हाय का नाय? देवळाचा सभामंडप कोनी बांधून दिलान, इसरलीस?"

मग मी काकीकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. ती चक्क हसली.

"आपला गाव आसा करंल काय? कायतरीच बोलतंस. गाव माज्यासाठीच कोर्टात गेलाय."

शिमग्यात देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली. अण्णांनी गाऱ्हाणं घातलं. पिकापाण्याचं झालं, चाकरमान्यांचं झालं, आणि मग,

"कोर्टात जो गावाचा दावा हाय, त्याला यश दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज काकीचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले. आपलीच साक्ष होऊ नये म्हणून ती देवाला साकडं घालत होती आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं. एकानेही मान खाली घातली नाही. मी शेजारी उभी होते. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

देवाने ऐकलं म्हणायचं. तारखांवर तारखा पडत गेल्या, विधानसभेची मुदत संपली आणि समितीही तिच्याबरोबर संपली. मंडळाने लगेच केस मागे घेतली. आता त्या केसचं कामच उरलं नव्हतं.

गावात पेढे वाटले. एक पुडा काकीच्या घरीही गेला.

"जिकलाव ना गो? आता बोलवतील मला," ती मला म्हणाली.

या वेळी मी समोर बसून पुन्हा सगळं सांगितलं. काकी हसली नाही. पुडा बांधला तसाच परत पाठवला आणि त्यानंतर तिने साकवाचं नाव कधी काढलं नाही.

आज तिला उचलण्याआधी अंगणात अण्णा चार शब्द बोलले.

"सुलू सोन्यासारखी बाय. गावाच्या इरोधात कवा एक सबूद बोलली नाय."

माणसं माना डोलवत होती.

अण्णा, तुम्ही हे वाचालच. बोलू दिलंत कधी तिला?

उद्या नाक्यावर बॅनर लागेल. तिचा फोटो आणि खाली "समस्त ग्रामस्थ". त्यात मला धरू नका.

काकी, ही श्रद्धांजली माझ्या एकटीची. गावाकडून काही घेऊ नकोस.