सीटवरचा रुमाल

मोबाइलवर चार सायकली दिसतात, म्हणून मी मेट्रोतून उतरून धावतपळत स्टँडवर येते. दोन पंक्चर, एकीची चेन लोंबतेय. चौथी धडधाकट, पण तिच्या सीटवर निळ्या चौकड्यांचा रुमाल. एसटीत जागा धरावी तशी कुणीतरी भाड्याची सायकल धरून ठेवलेली! रोज चरफडत मी ऑफिसला पायी जाते.

काल फारच उशीर झाला होता. मी रुमाल उचलला, तशा शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "राहू दे गं, काकांचा आहे तो."

"पण हे काका येतात तरी कधी?"

"आता कुठले येतायत? वारले, महिना झाला. वाऱ्याने रुमाल पडला की मीच उचलून ठेवते."

मी तरीही सायकल नेली. सीट मला उंच होती, पण खाली करायला हात धजला नाही. रुमाल म्हणजे 'मी येतोय' एवढाच निरोप. आता येणार नाही, हे सांगायला कुणी काय ठेवून जाणार?

संध्याकाळी सायकल जागेवर लावली आणि रुमाल झटकून सीटवर पसरला. हाताला सीट कोमट लागली.

ती ऊब माझीच असणार. तरी मी हात पटकन काढून घेतला.